सावली अर्धा तास मागे का?

एप्रिलच्या मध्यात साताऱ्यात आमच्या गच्चीवर भाचीसाठी सावलीचं घड्याळ मांडलं. मीटरभर काठी ओळंब्याने उभी केली, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. बारा वाजता सावली सगळ्यात आखूड हवी, असं मी छातीठोक सांगितलेलं. ती आखूड झाली साडेबारा उलटल्यावर! "मामा, तुझी काठीच वाकडी आहे." दोनदा ओळंबा लावून पाहिला, काठी सरळच.

शेवटी नकाशा काढला. आपलं घड्याळ चालतं ८२.५° पूर्व रेखांशावर, म्हणजे पार मिर्झापूरकडे. सातारा साधारण ७४° वर. फरक साडेआठ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे ३४ मिनिटं. हिशेब जुळला, काठी सुटली!

मग खुणांचे आकडेच ३४ मिनिटांनी पुढे लिहिले. पण हे वर्षभर चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात इथली माध्यान्ह १२:४८ च्या सुमारास होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ लाच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्याचा हा परिणाम.

आता भाची मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची वाट बघतेय. तेव्हा माध्यान्हीला काठीची सावलीच गायब होते.