हापूसच्या सीझनआधी वेबसाइटची तयारी करून ठेवा

देवगड-रत्नागिरीकडे बरेच बागायतदार पेट्यांचं बुकिंग आता स्वतःच्या वेबसाइटवर घेतात, तारकर्ली-गुहागरच्या होमस्टेवाल्यांचंही तेच, म्हणून मार्च उजाडायच्या आत हे उरकून घ्या. ज्यावर साइट चालते तो सर्व्हर म्हणजे शेवटी मशीनच, डिस्क जाते, पॉवर सप्लाय जळतो, आणि ऐन एप्रिलात जाणार नाही याची गॅरंटी कोणीच देत नाही. होस्टिंगवाला, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी, पार्ट बदलून देईल, पण आतला डेटा परत आणायची जबाबदारी बहुतेक प्लॅनमध्ये आपल्यावरच असते, ती अट आधी वाचा.

बॅकअपवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आमच्याकडे रेड (तोच डेटा एकाहून जास्त डिस्कवर ठेवायची सोय) आहे असं होस्टिंगवाले सांगतील, चांगलंच आहे, एक डिस्क गेली तरी साइट चालते, पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट झालेली ऑर्डर सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर साइट बनवलेल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा की ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, पेटीचे दर सगळं डेटाबेसमध्ये असतं, नुसता फोटोंचा फोल्डर उतरवून काही हाती लागत नाही. दोन्ही घ्या, त्याच सर्व्हरवर ठेवू नका, एक कॉपी दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर आणि एक घरच्या हार्डडिस्कवर, आणि सीझनमध्ये डेटाबेस दर तासाला, कारण रात्रीचा बॅकअप असेल आणि संध्याकाळी डिस्क गेली तर दिवसभराच्या ऑर्डरी गेल्याच. मग तो बॅकअप दुसरीकडे चढवून साइट खरंच उघडते का ते बघा, हे केल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणूच नका.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, लॉगिन साइट बनवणाऱ्या पोराकडे असेल तर आजच आपल्या नावावर करून घ्या. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा, आणि टीटीएल म्हणजे तो पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ती मुदत, हा टीटीएल 86400 म्हणजे 24 तास असेल तर 300 सेकंदांवर आणा, नाहीतर नवीन सर्व्हर तयार असूनही लोकांना जुनाच पत्ता दिसत राहील. आणि होस्टिंगच्या अकाउंटला स्वतःच्या डोमेनचा ईमेल देऊ नका, मेल त्याच सर्व्हरवर असेल तर पासवर्ड रिसेटचा मेलसुद्धा मिळणार नाही.

साइट बंद वाटली की आधी दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून उघडून बघा, आपल्याकडे लाइट गेली की टॉवरही बसतो, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे काय हाल झाले ते सगळ्यांना माहितीये, म्हणून चालू ऑर्डरींची यादी रोज कागदावर पण काढा. खरंच सर्व्हर गेला असेल तर तिकिटात, म्हणजे होस्टिंगवाल्याकडे नोंदवलेल्या तक्रारीत, सरळ विचारा, कुठला पार्ट गेला, डेटा शाबूत आहे का, किती वेळ लागेल, आणि गिऱ्हाइकांना लगेच व्हॉट्सॲपवर कळवा, लपवू नका, त्यांचे पैसे अडकलेले असतात. साइट दुसरीकडे हलवली तर जुना सर्व्हर दुरुस्त होऊन परत सुरू झाल्यावर त्यावर ऑर्डर घेणं बंद ठेवा, नाहीतर निम्म्या इकडे निम्म्या तिकडे. शेवटी पेमेंट गेटवेची (साइटवर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची) त्या दिवसाची यादी काढून ऑर्डरींशी एकेक रक्कम जुळवा, पैसे कापले आणि ऑर्डर नोंदलीच गेली नाही असा माणूस निघाला तर त्याला आपणहून फोन करा, पेटी कधी पाठवू ते विचारा.