अहवाल पाठवण्याआधी: आकृत्या आणि तक्ते

वाचकाला नेमका आकडा हवाय की आकड्यांचा कल, हे सगळ्यात आधी ठरवा. आकडा हवा असेल तर तक्ता, कल दाखवायचा असेल तर आलेख, आणि दोन-तीनच आकडे असतील तर एका वाक्यात भागतं. नुसत्या सरासरीवर विसंबू नका, स्वतःपुरता तरी आलेख काढून बघा. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी 1973 मध्ये मांडलेले आकड्यांचे चार संच प्रसिद्धच आहेत. चारही संचांत क्ष ची सरासरी 9, य ची साधारण 7.5, सहसंबंधही (क्ष आणि य किती एकत्र बदलतात याचं माप) जवळपास सारखाच, 0.816. आलेख काढला की मात्र एकात बिंदू साधारण सरळ रेषेत, दुसऱ्यात कमान, आणि चौथ्यात एकटा भरकटलेला बिंदू अख्खी रेषा स्वतःकडे ओढतोय.

तक्त्यात एकक रकान्याच्या शीर्षकात एकदाच द्या आणि दशांश चिन्हं एकाखाली एक आणा. तापमापक 0.1 अंशापर्यंतच मोजत असेल, तर स्प्रेडशीटने दिलं म्हणून 23.4187 छापू नका. घर रिकामं ठेवू नका: मोजून शून्य आलं की मोजलंच नाही, हे वाचकाने कसं ओळखायचं? उभ्या रेघा बहुतेक वेळा नसल्या तरी चालतात.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू होतोय ना, ते बघा. 92 आणि 96 हे आकडे 90 पासून काढले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. रेषालेखाला ही अट नाही. एरर बार (बिंदूच्या किंवा स्तंभाच्या वर-खाली काढलेल्या छोट्या रेघा) असतील तर ते स्टँडर्ड डेव्हिएशनचे (आकडे किती विखुरलेत) की स्टँडर्ड एररचे (सरासरी किती अनिश्चित आहे), हे मथळ्यात लिहा. न लिहिलेले बार असून नसल्यासारखेच. लाल-हिरव्या रेषांचा फरक अनेकांना कळत नाही, म्हणून एक रेषा तुटक करा. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोवर ‘400 पट’ लिहू नका, मापपट्टी (ठरावीक लांबी दाखवणारी रेघ) टाका, कारण छापताना फोटो लहान-मोठा होतो. त्रिमितीय पाय चार्ट असेल तर काढून टाका, त्यावर चर्चा नको.

रेखाकृती एसव्हीजी (रेषा रेषा म्हणूनच साठवणारा फाइलचा प्रकार) किंवा पीडीएफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये रेषांभोवती डाग पडतात. मग अंतिम रुंदीत कागदावर छापून अक्षांवरची अक्षरं वाचता येतात का ते बघा.

शेवटी क्रमांक. प्रत्येक आकृतीचा उल्लेख मजकुरात आहे का आणि क्रमाने आहे का, हे तपासा. ‘वरील तक्ता’ शोधून तिथे क्रमांक घाला, मांडणीत तो तक्ता पुढच्या पानावर गेलेला असू शकतो.