तारे बघण्याआधी स्क्रीन लाल करा

तारे बघायला गेलात की फोनवरच्या तारे ओळखायच्या ॲपमधला लाल रंगाचा नाइट मोड आधी चालू करा. स्टेलॅरियम या ॲपमध्ये ही सोय आहे. अंधाराला डोळे नीट सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं तरी ते सगळं वाया जातं. ब्राइटनेस अगदी खाली आणा. मेसेजही बंद ठेवा, नाहीतर मध्येच स्क्रीन उजळते.

ॲप भलत्याच दिशेचे तारे दाखवत असेल तर बहुतेक वेळा फोनचं होकायंत्र गोंधळलेलं असतं. चुंबकाचं कव्हर काढा, गाडीपासून चार पावलं लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. मग ध्रुवताऱ्यावर पडताळा. तो उत्तरेला, आपल्या अक्षांशाइतक्या उंचीवर असतो. पुण्याहून साधारण १८.५ अंश, म्हणजे हात ताणून धरलेल्या जवळजवळ दोन मुठी. ही खूण मला फार आवडते, कारण तिला बॅटरी लागत नाही.

हिवाळ्यात मृग सापडला की फोन खिशात टाका. त्यातला काक्षी हा तारा तांबूस, राजन्य हा निळसर पांढरा. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसेल. तोच मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग.