न कमावणाऱ्या भावाला पैसे देताना

माझा धाकटा भाऊ एकोणपन्नास वर्षांचा आहे. महापेच्या एका कंपनीतली नोकरी त्याने २०१३ मध्ये सोडली आणि पुन्हा कुठेच धरली नाही. तो आमच्याकडेच असतो, ठाण्यात सावरकर नगरला. धडधाकट माणसाला बसून का खाऊ घालायचं, हा प्रश्न मला नातेवाईक अजून विचारतात. घालायचं, असंच माझं मत आहे. पण ते कसं, हे मला उशिरा उमगलं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी लिहिते.

आधी आजार नाही ना, ते बघा. थायरॉइड, साखर, रक्त तपासून घ्या. मन उदास असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आमच्याकडे तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरांसमोर तो शांतपणे म्हणाला, "मला नोकरी नकोय." हे मान्य करायला मला चार वर्षं लागली. तोवर मी रोज सकाळी पेपरातल्या जाहिरातींवर पेनाने गोल करून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवत असे. ते अजिबात करू नका.

आता पैशांचं. मागावे लागतील असे पैसे देऊ नका. केस कापायचे म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा, आणि मी कुकरची शिट्टी होईपर्यंत मुद्दाम वळत नसे. भाऊबीजेला तर कहरच. ओवाळणीत टाकायला त्याच्याकडे काही नसायचं, म्हणून आदल्या रात्री मीच त्याच्या शर्टाच्या खिशात शंभराची नोट सरकवायची. एका वर्षी ताटात तीच नोट पडली, कोपऱ्यावर माझ्या हळदीच्या बोटाचा डाग असलेली. त्यानेही तो डाग पाहिला. त्याच आठवड्यात मी बँकेत जाऊन आले.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यातून त्याच्या खात्यात चार हजार आपोआप जातात. जेवण आणि छप्पर घरचं. मोबाइलचा रिचार्ज, बस, चप्पल, टपरीवरचा चहा यांना तेवढे पुरतात. आकडा असा ठरवा की आपल्याला अकरा महिने सहज आणि बाराव्या महिन्यात ओढाताण झाली तरी देता येईल. जास्त देऊन मध्येच थांबवणं वाईट. बहिणीने भावाला दिलेल्या पैशांवर त्याला प्राप्तिकर लागत नाही. आपल्यालाही त्याची वजावट मिळत नाही. हिशेब विचारू नका. आता ओवाळणीत एक्कावन्न रुपये पडतात, ते मी मोडत नाही.

त्याचं नाव रेशनकार्डावर ठेवा. माझ्या आरोग्य विम्यात भाऊ बसत नव्हता, तेव्हा महात्मा फुले जनआरोग्य योजनेची माहिती काढून ठेवली. तिथे कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक आजारांवर.

घरकामाच्या बदल्यात पैसे, असा सौदा करू नका. तो पहाटे पाणी भरतो, आईची औषधं आणतो, पण नाही आणली तरी एक तारीख चुकत नाही. मात्र जो घरात हात उगारतो, दागिने विकून पितो, त्याच्या हातात रोख देऊ नये. त्याच्या बायकोच्या खात्यात द्यावेत, मुलांची फी थेट शाळेत भरावी.

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांना मी काय सांगते तेही लिहिते. सरकारी पाहणीत जो काम शोधत नाही आणि करायला तयारही नाही त्याला बेरोजगार धरत नाहीत, श्रमशक्तीबाहेरचा धरतात. त्याच रकान्यात फक्त घर सांभाळणाऱ्या बायकाही आहेत, आणि निव्वळ भाड्यावर जगणारेही. भाडं खाणाऱ्याला कुणी ऐतखाऊ म्हणत नाही. आपल्याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 'मागेल त्याला काम' दिलं, म्हणजे रोजगार हमी योजना आणली, १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. काम न मागणाऱ्याला निदान दोन वेळचं जेवण आणि औषध मिळावं, ही त्याच्या पुढची पायरी आहे, असं मला मनापासून वाटतं. फिनलंडने २०१७ आणि २०१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले; त्यामुळे त्यांचं कामाला लागणं कमी झालं नाही, उलट त्यांचं मन जास्त स्वस्थ असल्याचं दिसलं. माझ्या भावाला पेन्शनवाली बहीण आहे. ज्याला ती नाही, त्याचं सगळ्यांनी मिळून बघायला हवं.

शेवटचं काम आपल्या माघारीचं. मी मृत्युपत्र केलं: फ्लॅट मुलीला, मामाला हयातभर राहण्याचा हक्क, आणि एका मुदत ठेवीचं व्याज त्याला. सही करण्याआधी ते सगळ्यांसमोर, भावालाही बसवून, मोठ्याने वाचलं. गुपचूप ठेवलं तर नंतर भांडणं होतात. जावई गप्प होते. मुलीने फक्त तारीख विचारली आणि मोबाइलमध्ये लिहून घेतली.