एचओएमधल्या सुसाट गाड्या : उपाय करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या एचओएच्या, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, बैठकीत वेगाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कोपऱ्यावर स्टॉपची पाटी लावून टाका." असं करू नका. वेग आवरण्यासाठी स्टॉपची पाटी वापरू नये, असं तिथल्या वाहतूक चिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीतच म्हटलं आहे. विनाकारण लावलेल्या पाटीपाशी लोक जेमतेम ब्रेक दाबतात आणि पुढे वेग वाढवून वेळ भरून काढतात. सायकलवरचं पोर मात्र गाडी थांबेल या भरवशावर रस्ता ओलांडतं. मला खरी भीती त्याची वाटते.

रस्ता कुणाचा, हे आधी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) नोंदींत पाहा. तो सार्वजनिक असेल तर परस्पर गतिरोधक बसवू नका. शहराच्या किंवा काउंटीच्या वाहतूक विभागाकडे रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज द्या. खासगी रस्त्याचं गणित राज्यागणिक बदलतं. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका संघटनेचा आपल्या खासगी रस्त्यांवर सभासदांना थांबवून दंड करण्याचा अधिकार मान्य केला. फ्लोरिडात लेखी करार करून पोलिसांना कारवाईसाठी बोलावता येतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते गतिरोधकावर. पार्किंगमधला अरुंद रबरी पट्टा स्वस्त असतो, म्हणून तोच आणून ठोकतात. तो हाडं खिळखिळी करतो. रस्त्यासाठी गाडी जाते त्या दिशेने सुमारे १२ फूट लांबीचा, ३ ते ४ इंच उंचीचा पसरट उंचवटा लागतो. त्यावरून ताशी १५-२० मैलांनी न आदळता जाता येतं. उंचवटा बसवूनही वेग तसाच असेल, तर बहुधा तो एकटाच आहे किंवा दोन उंचवट्यांमधलं अंतर फार आहे. साधारण ३०० ते ५०० फुटांवर पुढचा हवा. अग्निशमन दलाला आधी विचारा. त्यांच्या रुंद गाड्यांची चाकं फटींतून जातील असे तुटक उंचवटेही मिळतात.

"पन्नासने जातात" या तक्रारीवर खर्च ठरवू नका, मोजा. स्थानिक पोलिसांकडे रडारचा ट्रेलर, म्हणजे रस्त्याकडेला उभं करायचं वेग मोजणारं यंत्र, मागा. १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो आकडा पाहा. ताशी २३ मैलांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सरासरी १० टक्के असते, ४२ मैलांना ५० टक्के. म्हणून थोडा वेग उतरला तरी मोलाचं आहे. कॉलनीतून पलीकडे वाट नसेल, तर आकड्यांत दिसणाऱ्या गाड्या बहुतेक शेजाऱ्यांच्याच असतील. बैठकीत ते आकडे नावं न घेता सगळ्यांसमोर ठेवा.