कल्याण जंक्शनवर गाड्या बघायला जाताय? या चुका टाळा

दिवसभर कल्याणला उभं राहायचं आणि संध्याकाळी मोबाईल उघडला तर त्यात लोकलच्या पाठी, काळ्या पडलेल्या इंजिनांचे चार फोटो आणि मधेच कुणाच्या तरी सॅकने झाकलेला व्हिडिओ. नव्या रेलफॅनची ही तक्रार ठरलेली. स्टेशनला दोष देण्यात अर्थ नाही. मुंबईच्या आसपास गाड्या बघायला याहून चांगलं स्टेशन माझ्या मते नाहीच. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि इथून त्यांना दोन फाटे फुटले. एक कर्जत, लोणावळ्यावरून पुण्याकडे, दुसरा कसारा, इगतपुरीवरून नाशिककडे. त्यामुळे दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या गाड्या एकाच ठिकाणी बघायला मिळतात. शिवाय बाजूला इलेक्ट्रिक लोको शेड, म्हणजे विजेच्या इंजिनांची देखभाल होते ती जागा, आहेच.

बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आपण आलोय म्हणजे स्टेशन आपल्यासाठी आहे, असं धरून चालणं. कल्याण हे ७:४२ ची फास्ट पकडणाऱ्यांचं स्टेशन आहे. त्यांच्या पायातून बाजूला झालात की गाड्याही नीट दिसायला लागतात.

सकाळी आठला पोहोचणं

उत्साहाच्या भरात लोक सकाळी लवकर येतात आणि ऐन गर्दीत सापडतात. साडेसात ते साडेदहा मुंबईकडची गर्दी, संध्याकाळी साडेपाचनंतर परतीची. या वेळात प्लॅटफॉर्मच्या मधोमध कॅमेरा घेऊन उभं राहिलात तर फोटो मिळत नाही, शिव्या मात्र मिळतात. उपनगरी मार्गावर गर्दीच्या वेळी मालगाड्यांना सहसा अडवूनच ठेवतात. म्हणजे दोन डब्ल्यूएजी-९ (मालगाडीची इंजिनं) जोडलेली कंटेनरची लांबलचक गाडी बघायची असेल तर ती साडेअकरानंतरच येणार. दुपारी साडेअकरा ते चार हीच आपली वेळ. ऊन लागतं, टोपी घाला.

रविवारी सुट्टी म्हणून निघालात तर आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. ब्लॉकमध्ये फास्टच्या गाड्या स्लो मार्गावर वळवतात, मग तुम्ही ज्या प्लॅटफॉर्मवर ठाण मांडलंय तिथे तासन्‌तास काहीच येत नाही. पण ब्लॉकची गंमतही असते. एरवी न दिसणारी, वरच्या तारांचं काम करणारी टॉवर वॅगन, रुळांखालची खडी ठोकणारी यंत्रं, कामगारांच्या टोळ्या हे सगळं तेव्हाच दिसतं. फक्त माहीत असून जा.

जी गाडी इथे येतच नाही तिची वाट बघणं

मांडवी आणि कोकणकन्या कल्याणला येत नाहीत. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्या दिव्यालाच पनवेलकडे वळतात. याउलट निजामुद्दीनहून येणारी मंगला लक्षद्वीप नाशिककडून येऊन कल्याणमार्गे पनवेलला आणि पुढे कोकणात उतरते. तेव्हा 'कोकणची गाडी कल्याणला नाही' असं सरसकट म्हणूनही चालत नाही. प्रत्येक गाडीचा मार्ग घरीच तपासा.

दुसरा घोळ बँकरचा. घाटातल्या १ः३७ च्या चढाबद्दल वाचलेलं असतं आणि कल्याणला गाडीमागे ढकलणारी इंजिनं दिसतील अशी अपेक्षा असते. ती इथे लागत नाहीत. नाशिककडच्या गाडीला बँकर कसाऱ्याला लागतात आणि इगतपुरीला सुटतात, पुण्याकडच्या गाडीला कर्जतला लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. बँकर बघायचे तर लोकल पकडून कर्जतला जा, तो वेगळा आणि फार सुंदर दिवस आहे. कल्याणला एखाद्या गाडीच्या शेपटीला इंजिन दिसलंच तर ते बंद पडलेलं असेल असंही समजू नका. २०१९ मध्ये सुरू झालेली मुंबई राजधानी नाशिकमार्गे जाते आणि ती पुश-पुल पद्धतीने, म्हणजे दोन्ही टोकांना इंजिन लावून धावते. त्यामुळेच तिला घाटात बँकरसाठी थांबावं लागत नाही. वंदे भारतलाही बँकर लागत नाहीत.

दादरलाही थोडा वेळ घालवायचा विचार असेल तर एक सांगून ठेवतो. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८ पासून १४ पर्यंत झाले. जुन्या माहितीत 'दादर एक नंबर' असं वाचून गेलात तर पश्चिम रेल्वेच्या पुलावरून उलटं यावं लागेल.

ॲपवर डोळे मिटून विश्वास

'गाडी वेळेवर आहे' हे वाक्य कुठल्या स्टेशनासाठी आहे ते बघा. शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात जादा मिनिटं ठेवलेली असतात. त्यामुळे कल्याणला वीस मिनिटं उशिरा आलेली गाडी सीएसएमटीला वेळेवर पोहोचल्याची नोंद होऊ शकते. तुम्हाला कल्याणची वेळ हवी, सीएसएमटीची नव्हे.

न थांबणाऱ्या गाड्यांचं तर आणखीच अवघड. डेक्कन क्वीन कल्याणला थांबत नाही, म्हणून छापील वेळापत्रकात तिची कल्याणची वेळ सापडत नाही. इथे उपाय सोपा आहे. एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठवर आली ते सांगणाऱ्या रेल्वेच्या स्वतःच्या सेवेवर, गाडीने आधीचं कोणतं स्टेशन ओलांडलं ते बघत राहा. पुण्याकडून येणाऱ्या गाडीसाठी बदलापूर, नाशिककडून येणारीसाठी टिटवाळा. बदलापूर कल्याणपासून साधारण चौदा किलोमीटर आहे. गाडीने ते सोडलं की चहा संपवा आणि जागेवर उभे राहा. टिटवाळा त्याहून जवळ आहे, तिथे चहाला वेळ नाही.

शून्याने सुरू होणाऱ्या नंबरच्या गाड्या म्हणजे विशेष गाड्या. नेहमीच्या वेळापत्रकात त्या नसतात आणि उशीर झाला तर नियमित गाड्यांना वाट देत येतात. अशा एकाच गाडीसाठी अख्खी दुपार बांधून घेऊ नका.

उन्हाकडे पाठ की तोंड?

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

कल्याणजवळ रूळ ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. सकाळी सूर्य पूर्वेला. पुण्याहून, नाशिकहून येणारी गाडी पूर्वेकडूनच येते, म्हणजे तिच्या पाठीमागे ऊन आणि तोंडावर सावली. मोबाईल आकाशाचा उजेड धरतो आणि इंजिन काळं ठिक्कर पडतं. त्याच वेळी मुंबईहून येणारी गाडी मात्र तोंडावर ऊन घेऊन येते, तिचा नंबरसुद्धा स्वच्छ वाचता येतो. दुपारनंतर हे सगळं उलटं होतं. तेव्हा सरळ हिशोब: सकाळी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची तोंडं टिपा, संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्यांची.

या हिशोबात बिचारी डेक्कन क्वीन दोन्ही वेळा फसते. १ जून १९३० पासून धावणारी, डायनिंग कार असलेली ही गाडी, तिच्यासाठी लोक मुद्दाम येतात. सकाळी ७:१५ ला पुणे सोडून ती नऊ-साडेनऊच्या सुमारास कल्याण ओलांडते, ऊन पाठीशी. संध्याकाळी ५:१० ला सीएसएमटीहून निघून सहाच्या आसपास येते, पुन्हा ऊन पाठीशी. आणि दोन्ही वेळा प्लॅटफॉर्म माणसांनी भरलेला. तिच्या तोंडाचा नाद सोडा. गाडी समोरून जाऊ द्या आणि लांब जाताना तिच्या पाठमोऱ्या डब्यांचा व्हिडिओ घ्या, तेव्हा ऊन बरोबर डब्यांवर असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे रुळांच्या दक्षिणेकडच्या प्लॅटफॉर्मवरून डब्यांच्या बाजूंना जवळजवळ दिवसभर उजेड मिळतो. डिसेंबरात मात्र संध्याकाळची क्वीन येईपर्यंत सूर्य बुडायला आलेला असतो.

शेडखाली उभं राहून फोटो काढू नका, तिथला अंधार आणि बाहेरचं ऊन मोबाईलला एकाच वेळी झेपत नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे शेड संपते तिथे जा. पण उतार सुरू होतो तिथे थांबायचं. उताराच्या पुढे पाऊल म्हणजे रेल्वेच्या हद्दीत बेकायदा प्रवेश. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रंगावरून इंजिन ओळखणं

लाल-पांढरं म्हणजे प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-७, हिरवं म्हणजे डब्ल्यूएजी-९, असं पाठ केलेलं असतं. वहीत चुकीच्या नोंदी होतात त्या यामुळेच. डब्ल्यूएपी-७ हे डब्ल्यूएजी-९ वरूनच, गिअरचं प्रमाण बदलून तयार झालं, सांगाडा सारखाच. रंग लोको शेडच्या मर्जीने बदलतात, जाहिरातीचं आवरणही चढवतात. शिवाय कधी प्रवासी गाडीला मालगाडीचं इंजिन लागतं. बाजूला लिहिलेला वर्ग आणि पाच आकडी नंबर वाचा, शेडचं नावही तिथेच असतं. नंबर सुटलाच तर निदान चाकं मोजा: डब्ल्यूएपी-७ ला एका बोगीत (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात) तीन जोड्या, डब्ल्यूएपी-५ ला दोनच.

जुन्या मंडळींकडून ऐकलेलं डब्ल्यूसीएएम-३ शोधत फिरणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं की मुंबई भागातल्या मुख्य मार्गांवरचा १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह जाऊन २०१५ पर्यंत तिथे २५,००० व्होल्टचा एसी आला. दोन्हीवर चालणाऱ्या त्या इंजिनांची खास गरज तेव्हाच संपली.

दोन्ही हात डोक्यावर

गर्दीच्या डोक्यावरून व्हिडिओ मिळावा म्हणून लोक दोन्ही हातांनी मोबाईल उंच धरतात. अगदी प्लॅटफॉर्मच्या काठाशी, येणाऱ्या इंजिनाच्या समोर. रेल्वेच्या हातइशाऱ्यांत लाल झेंडा हाताशी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच करणं म्हणजे 'थांबा'. लोको पायलट लगेच ब्रेक लावेल असं नाही, पण त्याच्या काळजात चर्र होतं, आणि तो हॉर्न लांबवतो तो तुमचं स्वागत म्हणून नव्हे. लाल ओढणी, लाल छत्री हलवणंही त्यातलंच. संध्याकाळी फ्लॅश तर आधीच बंद करून ठेवा, तो थेट त्याच्या डोळ्यात जातो.

धातूची सेल्फी स्टिक पुलावर नेऊ नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि झटका बसायला तिला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी पुरतं. पुलावर तसंही थांबू नये. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून पुलावर घुटमळणाऱ्याला पोलीस हलवतात, आणि ते योग्यच आहे.

तिकीट आणि आरपीएफ

प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, पण चालतं दोनच तास. दिवसभर एकाच तिकिटावर बसलात आणि टीसी आला तर वाद घालायला जागा नाही. मोबाईलवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर निघत नाही, ते बाहेरच काढून घ्या. दिवाळी, छठच्या गर्दीत मोठ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्म तिकिटांची विक्री बंदही ठेवतात, त्या आठवड्यात बेतच करू नका. दिवसाचे दोन भाग पाडावे हे उत्तम. दुपारी बाहेर पडून जेवायचं आणि परत येताना नवीन तिकीट घ्यायचं.

ट्रायपॉड घरी ठेवा. हातातल्या मोबाईलकडे कुणी फारसं बघत नाही, तीन पायांचं काही उभं केलं की शूटिंग चाललंय असं वाटतं, आणि व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची रीतसर परवानगी लागते. ड्रोनचा तर विचारही नको. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने हटकलंच तर नियम कोणता, कलम कोणतं, अशी उलटतपासणी सुरू करू नका. "साहेब, इंजिनांचे फोटो काढतो, छंद आहे," असं सांगा, तिकीट दाखवा, हवं तर काढलेले फोटो दाखवा. तरी नाही म्हणाला तर मोबाईल खिशात घाला आणि वही काढा. नंबर लिहून घ्यायला कुणी अडवत नाही.

बारीकसारीक अडचणी

ऐन वेळी मधे लोकल आली आणि फ्रेम कापली गेली? ती येणारच. ज्या मार्गाची गाडी हवी त्याच्या लगतच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहा, पलीकडच्या नाही.

व्हिडिओत वाऱ्याचा घों-घों आवाज येतो? मोबाईलच्या माइकवर बोट येत नाही ना ते बघा आणि वाऱ्याकडे पाठ करा. गाडी जाईपर्यंत सोबत्याने 'आली, आली' ओरडायचं नाही हेही आधीच ठरवून घ्या.

बॅटरी दुपारी दोनलाच संपते, कारण ॲप आणि व्हिडिओ दोन्ही चालू असतात. पॉवर बँक न्या. गाड्यांमधल्या वेळात ॲप बंद ठेवा.

लहान मूल बरोबर असेल तर वरचं वेळेचं गणित बाजूला ठेवा. त्याला दोन तास पुष्कळ होतात, आणि राजधानीपेक्षा बाजूच्या रुळावर हळूहळू सरकणारी मालगाडी मोजण्यातच त्याला जास्त रस असतो. डबे त्याला मोजू द्या, पिवळ्या रेषेमागून, हात धरून.

मुंबईचे असाल तर संध्याकाळी परतताना घाई करू नका, गर्दी तेव्हा उलट दिशेची असते. सहानंतरही कल्याणहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते. खिडकी उजवीकडची धरलीत तर समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर परतीच्या वाटेवरही लिहिता येतील.