टनांच्या बातम्या आणि दिवाळीनंतरची बॅच

कोळ्याचा जनुक घातलेल्या रेशीम अळीचे व्हिडिओ फिरायला लागले की तुती उत्पादकांचे फोन सुरू होतात: "साहेब, आपल्याकडे कधी?" यात तथ्य आहे. अशा अळ्यांनी संमिश्र धागा विणल्याचा शोधनिबंध 2012 मध्ये अमेरिकेत आला, 2023 मध्ये चीनच्या डोंगहुआ विद्यापीठानेही असे काम जाहीर केले, आणि क्रेग बायोक्राफ्ट ही अमेरिकी कंपनी व्हिएतनाममध्ये अशा अळ्या पाळते. माल किती निघतो हे मात्र बातमीवरून कळत नाही. ते आपणच काढायचे, आणि त्याला लागणारे गणित तुमच्या शेडमध्येच आहे.

समजा, कोणी महिन्याला एक टन धागा म्हणाले. वर्षाचा झाला 12 टन. चांगल्या दुबार (वर्षात दोन पिढ्या देणाऱ्या) जातीत किलोभर धाग्याला सुमारे 7 किलो कोष लागतात, म्हणजे 84 टन कोष. शंभर अंडीपुंजांना (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) 65 किलो कोष धरले तर 1 लाख 30 हजारांच्या आसपास अंडीपुंज. बागायती एकरावर पाच बॅचमध्ये हजार अंडीपुंज निघतात असे मानले तर 130 एकर तुती हवी. तेव्हा पहिला प्रश्न हाच: बाग कुठे आहे?

हा हिशेब आपल्या कसलेल्या जातीचा झाला. प्रयोगातली जात नाजूक निघू शकते. शंभर अंडीपुंजांतून 40 हजार अळ्या बाहेर पडल्या, त्यातल्या 60 टक्केच कोषावर गेल्या आणि कोष 1.8 ऐवजी 1.3 ग्रॅमचा भरला, तर हाती येतात 31 किलो. कवच, म्हणजे कोषाचे रेशमी आवरण, वजनाच्या 15 टक्के असेल तर धागा निघेल 3 किलोच्या आसपास. आपल्याकडे याच ठिकाणी 9 निघतो. शिवाय उशिरा मेलेल्या अळीने पाला खाल्लेलाच असतो, मजुरीही झालेली असते.

अंडी वाढवणे त्या मानाने सोपे. एक मादी चारशे-पाचशे अंडी घालते. पण बियाण्याला ठेवलेला कोष पतंग फोडून बाहेर येतो, त्याचा सलग धागा निघत नाही. म्हणून "अंडी दुप्पट केली" आणि "धागा दुप्पट झाला" या बातम्या एकाच कोषांच्या भरवशावर एकदम खऱ्या असू शकत नाहीत. माझे मत विचाराल तर बातमीत एकर, अंडीपुंज किंवा कोषांचे वजन यातले एकही नसेल, तर टनाचा आकडा सोडून द्यावा.

आता आपल्या बॅचकडे. थंडीत तुतीची फूट मंदावते. दोनशे अंडीपुंज घेत असाल तर बाग बघून दीडशेच सांगा. चौथ्या मोल्टनंतर (कात टाकल्यानंतर) अळी एकूण पाल्यातला चार पंचमांशांहून जास्त पाला खाते, त्या आठवड्यात फांदी कमी पडली तर कोष हलका भरतो. रात्री शेड 24-25 अंशांवर ठेवा. शेगडी वापरत असाल तर धूर कोंडू देऊ नका. सकाळी ओला पाला टाकू नका, थंडी आणि ओल एकत्र आली की मस्कार्डिन हा बुरशीचा रोग येतो. कोष सातव्या दिवसाआधी काढू नका.

काढणीच्या आदल्या दिवशी चंद्रिकेच्या (अळ्या जिच्यावर कोष विणतात त्या जाळीच्या) वेगवेगळ्या भागांतून 20 कोष घ्या. वजन करा. ब्लेडने टोक कापून प्युपा (आतला किडा) आणि कात झटकून टाका, नुसती कवचे तोला. 36 ग्रॅम कोषांत साडेसात ग्रॅम कवच म्हणजे जवळपास 21 टक्के. अशा मालात किलोभर धाग्याला 7 किलोच्या आतबाहेर कोष लागतात. काटा सोनाराचा लागेल, किराणा दुकानाचा चालत नाही. पोचट आणि डागी कोष आधीच वेगळे काढा, नाहीतर अंदाज फुगतो. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि जालन्याच्या किंवा बारामतीच्या बाजारात जा, भाव ठरताना बोलायला आधार मिळतो.

आणि कोणी "कोळ्याचे अंडीपुंज" विकायला आलेच, तर पैसे देऊ नका. जनुक बदललेला जीव पाळायला 1989 च्या नियमांनुसार केंद्राची परवानगी लागते. विकणाऱ्याकडे तिचा कागद मागा आणि जिल्हा रेशीम कार्यालयाला कळवा.